हिची निळी चित्रं

९ जानेवारी

हिच्या चित्रांबद्दल कुणीतरी लिहून ठेवायला हवं. लेक परगावी, ही स्वतः लिहिणाऱ्यातली नाही, तेव्हा काम माझ्याकडे आलं असं धरून चालतो. मला चित्रातलं कळत नाही, गणितातलं त्याहून कळत नाही. लिफ्टमधलं कळतं. नुसत्या आवाजावरून बिघाड ओळखतो. नजर तयार व्हायला पुष्कळ वर्षं लागतात, आणि माझी झालेली आहे.

ही दातांच्या लॅबमध्ये आहे. डॉक्टर लोक पेशंटच्या जबड्याचे ठसे पाठवतात, त्यावरून तिथे दात बनतात. दाताचा आकार बाकीचेही काढतात, पण शेजारच्या दाताला शोभेल असा रंग देणं हे हिचं काम. पांढऱ्यात किती प्रकारचे पांढरे असतात ते हिच्याकडून ऐकावं.

आणि रोज सकाळी कामावर जाण्याआधी एक फ्रॅक्टल. हे मी विचारून विचारून समजून घेतलंय ते असं: एक इवलंसं समीकरण असतं. कॉम्प्युटरच्या पडद्यावरचा प्रत्येक ठिपका म्हणजे एक संख्या. ती समीकरणात घालायची, येईल ते उत्तर पुन्हा त्यातच घालायचं, परत, परत. काही ठिपके लगेच हाताबाहेर जातात, काही बराच वेळ घुटमळतात, काही जातच नाहीत. जो जितका घुटमळला त्यावरून त्याला रंग. बस. एवढ्यातून काटे, वळसे, शिंपले, शेपट्या असं काय काय उगवतं, आणि प्रत्येक शेपटीच्या टोकाशी गेलात की तिथे पुन्हा सगळं पहिल्यापासून.

मी पहिल्यांदा पाहिलं तेव्हा विचारलं होतं, "हे काढलं कुणी?"

"कुणीच नाही. होतंच ते तिथे. मी फक्त गेले."

इतक्या सहज म्हणाली, जणू कोपऱ्यावरच्या दुकानात जाऊन आली.

१३ जानेवारी

आजचं चित्र: एका काठावर ओळीने भोवरे, एकापेक्षा एक लहान, दूरवर जाऊन नुसती धूळ. सगळं निळं. काळपट निळं, मोरपंखी, शाईसारखं, आणि अधूनमधून इतका लख्ख निळा की स्क्रीनपासून लांब सरावंसं वाटतं. हल्ली ही निळ्यातच रमलीय. आधीची चित्रं सगळ्या रंगांची असायची, छान असायची, पण या निळ्यात काहीतरी वेगळंच आहे. याला आपण मोठं काम म्हणू.

चित्र झालं की फोनवर अशीच चित्रं करणाऱ्यांचा एक ग्रुप आहे, त्यावर. या लोकांचा एक कडक नियम आहे. चित्र टाकलं की त्याचे आकडेही टाकायचे: जागा कुठली, किती आत गेलात, सगळं. म्हणजे दुसरा कुणीही तेच आकडे घालून थेट तिथे पोचू शकतो, आणि तिथून पुढे जाऊ शकतो. आकडे न देणाऱ्याला ग्रुपमध्ये कुणी विचारत नाही. माझ्या धंद्यात मिस्त्री लोक एकमेकांना स्क्रू कुठला आवळला तेही सांगत नाहीत.

खरी नावं तिथे चालत नाहीत. ही "दातवाली". सगळ्यात जुनं कुणीतरी आहे ते "गोगलगाय", कारण त्याचं सगळं गोल गोल. बाई आहे की बुवा ते आजवर हिलाही माहीत नाही.

"सगळे आकडे देऊन टाकतेस, मग तुझं राहिलं काय?" मी म्हटलं.

"आकार समीकरणाचा. त्यात माझं काही नाही. रंग तेवढा माझा."

२२ जानेवारी

कामावर जोडीदार मिस्त्री सगळ्यांसमोर म्हणाला, "काय हो, शाईच्या बाटलीत पोहायला जाता का?" माझा पांढरा शर्ट. खरंच निळसर झालाय. कपड्यांना नीळ ही घालते, आणि हल्ली हात सैल झालाय. घरी येऊन म्हटलं तर माझ्यावरच उलटली.

"पांढरे शुभ्र शर्ट आहेत! उलट चादरी बघा, कितीही नीळ घाला, पिवळ्या त्या पिवळ्याच. नीळच भेसळीची येते हल्ली."

चादर मला बरी पांढरी दिसली. पण नीळ भेसळीची असू शकते. कंपनी बदलायला सांगितली.

३० जानेवारी

हिने टेबल खिडकीला लावलं आणि वरचा दिवा बदलून दुप्पट उजेडाचा बसवला. कलाकाराला उजेड लागतोच. संध्याकाळी बाजारातून येताना मात्र माझा हात धरून चालते. समोरून गाड्या आल्या की दिवे फुटल्यासारखे पसरतात म्हणाली. या नव्या गाड्यांचे दिवे आहेतच तसे, मलाही त्रास होतो.

हात धरून चालली ते एकंदरीत बरंच वाटलं.

६ फेब्रुवारी

मोठी बातमी. एका कॉलेजच्या गणित विभागाला हिची चित्रं हवी आहेत! तिथले एक प्राध्यापक ग्रुपवर गुपचूप बघत असायचे. विभागाबाहेर लांबलचक कॉरिडॉर आहे, एप्रिलमध्ये तिथे मोठी छापून लावायची म्हणतात. फोन मीच घेतला, कारण ही लॅबमध्ये होती.

"या बाईंचा निळा बघून मी थक्क झालोय," ते म्हणाले. "एवढं धाडस आमच्या मुलांमध्ये नाही. निळीच चित्रं लावू या का?"

मी हो म्हणून टाकलं. घरी आल्यावर हिला सांगितलं तेव्हा आधी रागावली, मग स्वयंपाकघरातून विचारलं, "नेमकं काय म्हणाले ते?" मी पुन्हा सांगितलं. थोड्या वेळाने पुन्हा विचारलं. तिसऱ्यांदा मी आपणहून सांगितलं.

लेकीला व्हिडिओवर चित्रं दाखवली. म्हणाली, "आई, केवढं निळं ते!"

"निळं? थोडं आहे," ही म्हणाली.

विनय म्हणतात तो हा.

१५ फेब्रुवारी

आज चित्राबद्दल नाही, लॅबबद्दल लिहावं लागतंय. हिने बनवलेला एक दात परत आला. समोरचा वरचा दात, टीव्हीवर बातम्या देणाऱ्या कुणा बाईंचा. डॉक्टरने चिठ्ठी लावली होती: रंग जुळत नाही. हिने दुसरा केला, तोही परत आला. तिसऱ्यांदा मालक स्वतः हिच्या टेबलाशी आले.

"ताई, हा दात शेजारी धरला की मक्याचा दाणा वाटतो. तुमच्याकडून असं?"

हिने मला दोन नमुने आणून दाखवले. लॅबमध्ये रंग ताडून बघायला दातांचे नमुने पट्टीवर लावलेले असतात, त्यातले.

"यातला पिवळा कुठला?"

"हा काय, डावीकडचा. आंधळासुद्धा सांगेल."

बोलून गेलो. ही नमुने रुमालात गुंडाळून आत गेली.

टीव्हीवरच्या बायकांचे नखरे असतात. त्या दिव्यांखाली कुठलाही दात पिवळा दिसेल.

२४ फेब्रुवारी

मालकांनी हिला रंगाच्या कामावरून काढून मेणाच्या कामाला बसवलंय. दाताचा साचा मेणात कोरायचा, नव्याने आलेले लोक करतात ते. "तात्पुरतं, ताई. डोळे तेवढे दाखवून या," म्हणाले. मला संताप आला. डोळे? ज्या बाईची चित्रं कॉलेजात लागणार आहेत तिचे डोळे?

"जाऊन येऊ," ही म्हणाली. तिला संताप वगैरे काही आला नव्हता.

२६ फेब्रुवारी

मोतीबिंदू. दोन्ही डोळ्यांत, आणि चांगला पिकलेला.

डॉक्टरबाई तरुण आहेत, भराभर बोलतात. हिला म्हणाल्या, "इतके दिवस थांबलात कशा?" आणि माझ्याकडे बघितलं. मी भिंतीवरची अक्षरं वाचत बसलो. नजर तयार म्हणे! गाड्यांचे पसरलेले दिवे, टेबल खिडकीला, आणि मी दिव्यांच्या कंपन्यांना दोष देत बसलो.

आधी उजवा डोळा, मग काही आठवड्यांनी डावा. ही तपासणीला आत गेल्यावर मी डॉक्टरबाईंना विचारलं, कारण मला दुसरीच काळजी होती. "ऑपरेशनने चित्रं काढण्यावर काही परिणाम? तिचं रंगांचं फार असतं."

"रंग उलट नवे दिसतील. पिवळा पडदा जातो ना, निळा तर एकदम खुलतो. पेशंट म्हणतात, आभाळ धुतल्यासारखं दिसतं."

जीव भांड्यात पडला. पिकलेल्या डोळ्यांनी एवढा निळा काढते, तर निळा खुलल्यावर काय करेल! बाहेर येऊन आधी प्राध्यापकांना फोन केला. म्हटलं, थोडी जागा मोकळी ठेवा, याहून निळं येणार आहे.

७ मार्च

उजव्या डोळ्याचं झालं. मी बाहेरच्या बाकावर चहा गार होईपर्यंत बसलो आणि ती बाहेर आली ती भूक लागली म्हणत. डोळ्यावर पट्टी. ग्रुपवर मी हिच्या वतीने लिहिलं की आज चित्र नाही. शुभेच्छांचा पाऊस. गोगलगायने लिहिलं, "सावकाश. आम्हाला सवय आहे."

८ मार्च

आज पट्टी काढली. हिने आधी डॉक्टरबाईंकडे पाहिलं, मग भिंतीकडे, मग माझ्याकडे.

"अहो, तुम्ही पांढरा शर्ट घालून निघाला होतात ना?"

"हाच की."

"हा निळा आहे."

"तेच तर मी महिनाभर सांगतोय!"

डॉक्टरबाई हसल्या, मीही हसलो, नर्सबाईसुद्धा हसल्या. हीसुद्धा हसायला लागली होती, पण मध्येच थांबली. डावा डोळा झाकून माझ्याकडे बघितलं, मग उजवा झाकून बघितलं. मग पुन्हा डावा. रिक्षात डोळ्यावर हात धरूनच बसली. मला वाटलं दुखतंय.

घरी चप्पल न काढता कॉम्प्युटरशी गेली. मी पाणी घेऊन गेलो तेव्हा जानेवारीतलं ते भोवऱ्यांचं चित्र उघडलेलं.

"हे असं दिसतं तुम्हाला? पहिल्यापासून?"

"हो. काय सुंदर आहे!"

"यात मी राखाडी घातला होता," ती म्हणाली. "इथे विटकरीच्या जवळचा. हे कडेचं पांढरं होतं. दुधासारखं पांढरं."

मी बघितलं. राखाडी नव्हता. पांढरं कुठेच नव्हतं. सगळं निळं.

ती एकेक चित्र उघडत गेली. एक डोळा झाकायचा, बघायचं, दुसरा झाकायचा, बघायचं. शेवटी स्क्रीन बंद करून म्हणाली, "जेवायला काय करू?"

१२ मार्च

चार दिवस चित्र नाही. आता डोळा दुखत नाही, लॅबमध्ये मालकांनी पुन्हा रंगाच्या टेबलावर बसवलंय, आणि उजव्या डोळ्याने केलेला पहिलाच दात डॉक्टरांनी शाबासकीसकट ठेवून घेतला. तरी सकाळी टेबलाशी बसत नाही. माझ्या शर्टांतली नीळ उतरवत बसते.

आज मी विषय काढला.

"ती चित्रं माझी नाहीत," ही म्हणाली.

"मग कुणाची?"

"मोतीबिंदूची. पिवळा पडदा डोळ्यावर, तो मारायला मी निळा ओतत गेले. सगळं ओशट पिवळं दिसायचं, वाटायचं अजून थोडं, अजून थोडं. यात धाडस कसलं आलंय? आकार समीकरणाचा, रंग मोतीबिंदूचा. मी मध्ये बसून बटणं दाबली."

"पण लोकांना आवडली."

"मोतीबिंदू आवडला. त्यांना कळवा, लावू नका म्हणावं."

चित्रं छापायला गेली आहेत. प्राध्यापकांना अजून कळवलेलं नाही, हे इथे लिहून ठेवतो.

१९ मार्च

डाव्या डोळ्याची तारीख हिने परस्पर पुढे ढकलली. मला फोन डॉक्टरबाईंच्या दवाखान्यातून आला.

"का?" मी विचारलं.

"राहू दे थोडे दिवस."

"एका डोळ्याने पिवळं आणि एका डोळ्याने निळं बघत बसणार का? जिन्यावरून पडशील."

"पडले तर तुमच्या लिफ्टने जाईन."

थट्टा केली म्हणजे बरी असणार. पण संध्याकाळी खिडकीशी बसलेली दिसली, उजव्या डोळ्यावर तळहात, समोर इतके दिवस बंद असलेला कॉम्प्युटर चालू, त्यावर तेच भोवरे. हाक मारली तर हात खाली घेतला, जणू मी चोरी पकडली. नव्या, लख्ख डोळ्यावर हात ठेवून ही जुन्या गढूळ डोळ्याने काय बघते, मला कळेना. डॉक्टरबाईंना विचारावं म्हणतो, ऑपरेशननंतर असं होतं का.

२५ मार्च

शेवटी गोगलगायला वेगळा निरोप पाठवला, माझ्या नावाने. जे झालं ते सगळं लिहिलं, आणि विचारलं की हिला कसं समजवावं. उत्तर दोन ओळींचं आलं. "समजवू नका. रविवारी तिला फक्त बसवा."

रविवारी म्हणजे यांचा महिन्यातून एकदा खेळ असतो, बिनरंगी रविवार. एकजण सगळ्यांची जुनी चित्रं गोळा करतो, रंग काढून नुसती करडी करतो, उलटीसुलटी फिरवतो आणि नाव न सांगता टाकतो. कुणाचं ते बाकीच्यांनी ओळखायचं. उत्तरं दुसऱ्या दिवशी. ही यात भल्याभल्यांना हरवते. या वेळी कोण खेळ मांडणार हे विचारायची गरजच नव्हती.

२९ मार्च, रविवार

बसली. मी गयावया केली म्हणून नव्हे. ही भांडी घासत असताना माझ्या फोनवर चित्रं येत होती आणि मी मुद्दाम चुकीची नावं मोठ्याने सांगत होतो. पाचव्या चुकीला हात पुसत आली. "सरका."

मग काय विचारता! "हे जहाजवाल्याचं. याला कोपरे सोडवत नाहीत." "ही मैना. मैनाचं सगळं मधोमध, रांगोळी असते तिची." "हे गोगलगायचं, लहान पोरही सांगेल." एकेकाची खोड काढत, हसत. एवढ्या दिवसांत पहिल्यांदा मला ओळखीची वाटली.

एका चित्राशी मात्र थांबली. करडं, खालच्या कोपऱ्यातून उठलेला एक वळसा.

"हे कुणाचं?"

"तू सांग."

"हा हात मला माहीत नाही," ती म्हणाली. खुर्ची पुढे ओढली. "कुठे थांबलाय बघा हा माणूस. वळसा पुरा होतोय, आणि होण्याच्या जरा आधी थांबलाय. दुसरा कुणी असता तर आत घुसला असता, पार मध्यापर्यंत. याने मध्य कोपऱ्यात ठेवलाय आणि एवढी जागा रिकामी सोडलीय. अशी जागा सोडायला छाती लागते हो. आपण पोचलोय असं वाटत नाही. आत्ता निघालोय असं वाटतं."

"कुणी नवीन असेल."

"नवीन नाही. याने पुष्कळ केलंय. कोण आहे हा?"

उत्तराच्या जागी तिने प्रश्नचिन्ह टाकलं आणि बराच वेळ ते चित्र मोठं करून बघत राहिली.

माझं मन खट्टू झालं, खोटं कशाला लिहू. हिची स्वतःची चित्रं हिने टाकून दिली आणि दुसऱ्या कुणाच्या चित्रावर एवढी लट्टू! गोगलगायने भलतंच केलं. आणि बाकीचे तर आणखी. त्या चित्राखाली जवळजवळ प्रत्येकाने लिहिलंय, दातवाली, दातवाली, दातवाली. हिला बरं वाटावं म्हणून असणार. अशी उसनी दया मला आवडत नाही. उत्तरं बघण्याआधी उद्या त्यांना चार शब्द सुनावणार आहे.

३० मार्च

सुनावलं नाही ते बरं झालं.

सकाळी उत्तरं आली. त्या चित्रासमोर होतं: दातवाली, निळ्यांपैकी. खाली आकडे.

ही ब्रश करत होती. तशीच, तोंडात ब्रश घेऊन, आकडे घालून बघितले. तीच जागा. करडं होतं ते उलटं फिरवलेलं, आणि त्यावर रंग चढवल्यावर प्राध्यापकांनी पहिल्या नंबरला निवडलेलं चित्र. तिने रंग काढला. पुन्हा घातला. पुन्हा काढला.

"अहो," ब्रश काढून म्हणाली, "काल मी याबद्दल काय म्हणाले होते?"

"म्हणालीस, थांबलाय कुठे बघा."

"पुढे?"

"कोपऱ्यात मध्य... आणि जागा सोडलीय, छाती लागते. कोण आहे हा, म्हणालीस."

"त्याच्याआधी."

"मला माहीत नाही म्हणालीस."

"हा हात माहीत नाही, म्हणाले," तिने सुधारलं. "हात म्हणाले मी."

चूळ भरायला गेली ती बराच वेळ नळ चालू ठेवून उभी होती. लॅबला उशीर झाला. निघताना दारातून म्हणाली, "त्या प्राध्यापकांना नाही म्हणून कळवलंत का?"

"नाही."

"ते एक तरी बरं केलंत."

३१ मार्च

सकाळी चित्र केलं. ग्रुपवर टाकलं. मी वाकून बघायला गेलो तर कोपराने ढकललं. "झाल्यावर!" घर पुन्हा जागेवर आलंय.

८ एप्रिल

डाव्या डोळ्याची तारीख घेतली, स्वतः फोन करून. प्रदर्शनाच्या दुसऱ्या दिवशी.

"आधी का नाही?" मी म्हटलं. "दोन्ही डोळे साफ करून प्रदर्शनाला जा की."

"तेवढा एक दिवस मला हवाय," ती म्हणाली. आता मी विचारलं नाही. या वेळी मला कळलं होतं असं वाटतं.

आणखी एक चित्र छापायला दिलंय. खरं तर दोन.

१९ एप्रिल

प्रदर्शन झालं. सगळं नीट लिहायला हवं, पण ही झोपायची घाई करतेय, तेव्हा थोडक्यात.

कॉरिडॉर लांब, दोन्ही बाजूंना वर्गांची दारं, मधल्या भिंतींवर हिची चित्रं. मी ती टेबलावरच्या स्क्रीनवर बघत आलो होतो. दाराएवढी झाल्यावर काय झालं ते मला सांगता येत नाही. गणिताचे लोक बडबडे निघाले, नाक लावून बघत होते, आकड्यांवरून वाद घालत होते. आकडे प्रत्येक चित्राखाली होते, त्याशिवाय हिने लावूच दिली नसती. आणि आकड्यांच्या खाली, प्रत्येक कार्डावर, हिने स्वतः लिहून दिलेली ओळ: "ही चित्रं केली तेव्हा मला मोतीबिंदू होता आणि हा रंग राखाडी दिसत होता." प्राध्यापक म्हणाले होते, एवढं सांगायची गरज नाही. ही म्हणाली, आकडे सांगतो तर हेही सांगायचं.

कॉरिडॉरच्या शेवटी ती दोन. जागा एकच, आकडे एकच. एकाखाली "डावा डोळा", दुसऱ्याखाली "उजवा डोळा". डावं निळं, आपलं नेहमीचं. उजव्यात वाळल्या गवताचा फिकट पिवळा, विटकरी, राखाडी, आणि एक पांढरा की ज्याच्यात आणखी चार पांढरे आहेत. त्यांच्यासमोर लोक थांबायचे आणि एक डोळा झाकायचे, मग दुसरा. कुणी सांगितलं नव्हतं. लॅबचे मालक झाकून बघत होते, डॉक्टरबाई झाकून बघत होत्या. मालक मला म्हणाले, "मला दोन्ही डोळ्यांनी सारखंच दिसतं हो." डॉक्टरबाई म्हणाल्या, "तरी एकदा येऊन जा."

एक ठेंगणे, काठी घेतलेले गृहस्थ बराच वेळ पहिल्या चित्राशी होते. हिच्याजवळ आले आणि म्हणाले, "जागा चांगली सोडता तुम्ही." मग हळूहळू, भिंतीच्या कडेकडेने चालत निघून गेले. ही त्यांच्याकडे बघत राहिली. "नाव विचारायला हवं होतं," म्हणाली. मी म्हटलं, असतील कुणी कॉलेजचे. तर ही माझ्याकडे बघून हसायला लागली.

सगळे गेल्यावर शिपाई दिवे मालवायला आला, त्याला थोडं थांबायला सांगितलं. ही पहिल्या चित्रापाशी गेली, उजव्या डोळ्यावर तळहात ठेवला आणि उभी राहिली.

"कसं दिसतंय?"

"बरोबर," ती म्हणाली. "कडेचं पांढरं आहे. दुधासारखं."

मला निळंच दिसत होतं. तसं सांगितलं.

"मलाही उद्यापासून तसंच दिसेल," ती म्हणाली. "हे असं फक्त या डोळ्याला दिसतं, आणि आता तो जाणार. दुसऱ्या कुणाला दाखवता येणार नाही. आकडे देऊनसुद्धा नाही."

एका डोळ्याने अंतर कळत नाही, म्हणून मी तिचं कोपर धरलं. असं धरून आम्ही अख्खा कॉरिडॉर चाललो. प्रत्येक चित्रापाशी ती थांबली, कुठे जरा, कुठे बराच वेळ, आणि मला सांगत गेली: इथे करडा, इथे शेवाळी, इथे जुनी वीट. मी बघत होतो ते वेगळं, ती सांगत होती ते वेगळं, आणि दोन्ही इतकं देखणं की मध्येच मला मान फिरवावी लागली. शिपाई बिचारा बटणाशी हात धरून उभा.

शेवटच्या चित्रापाशी तिने हात खाली घेतला.

"झालं?" मी विचारलं.

"झालं. चला, सकाळी लवकर उठायचंय. आधी चित्र, मग दवाखाना."